धाग्याचा ताण

लालबागमध्ये आमचं लहानपण गिरणीच्या भोंग्यावर चाललं. बाबा साचेवाले. साचाखात्यातल्या खडखडाटाने त्यांचे कान चाळिशीतच गेले होते. आई त्यांच्याशी बोलायची ती खुणांनी, नाहीतर ओरडून. मात्र गुरुवारच्या भजनात मंडळाचा मिरजेचा तंबोरा लावायचे ते बाबाच. याचं मला कोडं होतं.

ते सुटलं १९७८ मध्ये, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. फ्रान्झ मेल्डे या जर्मन शास्त्रज्ञाचा एकोणिसाव्या शतकातला प्रयोग होता. विजेवर थरथरणाऱ्या नादकाट्याला सुती धागा बांधायचा, दुसरं टोक कप्पीवरून सोडून पारड्यात वजनं घालायची. मी अंदाजाने वजनं टाकत होतो आणि धागा नुसता फडफडत होता. सरांनी दोन ग्रॅम काढले मात्र, धाग्यावर चार स्वच्छ फुगवटे उभे राहिले! मधले बिंदू अगदी निश्चल. तिथे हलकेच बोट लावलं तरी काही बिघडत नव्हतं. फुगवट्याला लावलं की सगळं कोसळे. सर म्हणाले, ‘‘लाट जाते, टोकावरून परतते, दोघी एकमेकींत मिसळतात. म्हणून ती उभी दिसते.’’ हिशेबही नेमका : ताण चौपट केला की फुगवटे निम्मे. चार ग्रॅमला चार, तर सोळाला दोन आणि चौसष्टला एक.

घरी येऊन बाबांना हे कागदावर काढून दाखवलं. ते हसले. म्हणाले, ‘‘ताणा सैल तर गुंता, जास्त तर तुटतो. हाताला कळतं ते.’’ मग त्यांनी माझा तळवा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला आणि तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला. एका जागी भोपळा एकदम भरून आला. बाबा ऐकत नव्हते. हनुवटी टेकवून तंबोरा अंगात घेत होते.

पुढे वाचलं, की सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याहून वीणा-तंबोऱ्यावर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वराचा निश्चल बिंदू येतो, तो स्वर नियमाप्रमाणे उमटायला नको. पण घोडीच्या रुंद माथ्यामुळे आणि जवारीमुळे तंबोऱ्यात तोही उमटतो. बाबांना हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू रामननी उशीरच केला होता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साचे थांबले, ते बाबांसाठी कायमचे. मी बँकेत लागलो होतो, त्यामुळे घर चाललं. पण त्या शांततेत बाबांना झोप येईना. रात्री ते तंबोरा जवळ घेऊन बसत. वाजवत नसत, भोपळ्यावर हात ठेवून असत.

मंडळ मोडलं तेव्हा तंबोरा माझ्याकडे आला. गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत. रविवारी मी तारा जुळवतो, दोरा सरकवतो. मला चांगलं ऐकू येतं. त्यामुळेच की काय, बाबांची ती जागा मला अजून सापडत नाही.