सुई, मुळी आणि विवेक

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. 1938 साली चीनच्या साहाय्यार्थ गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात त्यांचे एक सहकारी होते डॉ. बिजयकुमार बसू. 1942 मध्ये कोटणीस चीनमध्येच निवर्तले. पुढील वर्षी बसू स्वदेशी परतले. ते आधुनिक वैद्यकात शिकलेले डॉक्टर. तथापि चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा चीनला गेले, विद्यार्थी होऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि 1959 पासून कोलकात्यात त्यांनी या पद्धतीचा पाया घातला. आपल्या विद्येचा अभिमान बाजूस ठेवून दुसऱ्याची विद्या आदराने पाहणे, ही त्यांची खरी थोरवी.

या परंपरेतील चिकित्सक प्रथम ऐकतो. झोप, भूक, तहान, घाम, शौच यांची चौकशी करतो, जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवर तीन बोटे ठेवून नाडी पारखतो. डोकेदुखी दोघांची असली तरी उपचार एकच असेल असे नाही. मग निवडक बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचून रुग्णास अर्धा तास स्वस्थ पडू दिले जाते. जुनाट वेदना आणि मळमळ यांत काहींना आराम पडतो. मात्र कर्करोग वा हृदयविकार सुईने बरा होत नाही, हे प्रामाणिक चिकित्सक स्वतःच सांगतो.

चिनी औषधांची यादी आपल्या किराणा व्यापाऱ्यांस परकी वाटणार नाही. ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी तीतही आहेत. परंतु त्याच भांडारात हरणाचे शिंग, गाढवाच्या कातड्याचा सरस, गांडूळ, शिंपले हेही आहेत. कित्येक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. शिवाय अनेक औषधे मुळांची असल्याने ज्यांना कंदमुळांचा त्याग आहे, त्यांनी ते आरंभीच सांगावे. पुडीत काय आहे, हे नावनिशीवार विचारण्यात संकोच कसला? माल घेताना आपण तो पारखून घेतोच. मग पोटात जाणारे औषध न पारखता कसे घ्यावे?

ही पारख केवळ धर्माची नव्हे, प्राणाचीही आहे. 1990 च्या दशकारंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती दिली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज म्हणूनच सोडला पाहिजे.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांस अशा उपचारास नेताना सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची आहे ना, हे पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास वा सून गर्भवती असल्यास तसे अवश्य सांगावे. नेहमीच्या डॉक्टरांपासून काही लपवू नये आणि त्यांची औषधे परस्पर बंद करू नयेत. जो चिकित्सक असे प्रश्न विचारल्याने रागावत नाही, उलट स्वतःहून उत्तरे देतो, त्याच्या हाती आपला माणूस निर्धास्तपणे सोपवावा.