बटाटा हें मूळ नव्हे

बटाटा जमिनींत सांपडतो, म्हणून पुष्कळ लोक त्यास रताळ्याप्रमाणें मूळ समजतात. वस्तुतः बटाटा म्हणजे जमिनीखालीं फुगलेलें खोड होय; त्याचे डोळे ह्या खोडावरील कळ्याच होत. एवढें ध्यानीं धरिलें, म्हणजे तेलाच्या रिकाम्या डब्यांतही हें पीक घरीं काढतां येतें.

आपल्याकडे त्याची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरांत करावी. कारण थंड रात्रींवांचून बटाटे नीट धरत नाहींत. डब्याच्या बुडास भोकें पाडून 4 इंच माती व कुजलेलें शेणखत घालावें. त्यावर मोड आलेले एकदोनच बटाटे, मोड वर करून ठेवावे व मातीनें झांकावे. रोप वीतभर वाढलें, कीं शेंडा तेवढा उघडा ठेवून मातीची भर द्यावी; डबा भरेपर्यंत असेंच करावें. मातीआड गेलेल्या खोडास आडवे फांटे फुटतात व त्यांच्या टोकांशीं बटाटे धरतात. परसांत जागा असल्यास उंच वाफ्यांतही हीच रीत. पाणी बेतानें द्यावें. तें सांचल्यास बटाटे कुजतात.

भर देण्याचें दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. उजेडांत राहिलेला बटाटा हिरवा पडतो, व त्यांत सोलानिन नांवाचें विष वाढतें. तें शिजविल्यानेंही जात नाहीं. म्हणून असा बटाटा मुलांच्या ताटांत वाढूं नये, अशी पालकांस आमची विनंती आहे.

सुमारें 3 महिन्यांनीं पानें पिवळीं पडून वाळलीं, कीं डबा पालथा करावा, आणि निघालेले बटाटे अंधारांतच ठेवावे. विद्यार्थ्यांनीं येत्या थंडींत हा प्रयोग अवश्य करावा, असें आम्ही सुचवितों.