ज्या पुनर्रचनेत तिगाव मध्य प्रदेशात राहिलं, तिच्यावरून अर्थमंत्री सी. डी. देशमुखांनी खुर्ची सोडली

तिगाव, पांढुर्णा, सौंसरच्या घरांत मराठी चालते, पण शेताचा खसरा हिंदीत निघतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि इथली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. त्याच पुनर्रचनेवरून, काही महिने आधी, देशाच्या अर्थमंत्र्याने राजीनामा दिला होता. ते होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांची सरकारी नोकरी सुरू झाली तीही इथल्याच जुन्या प्रांतात, मध्य प्रांत-वऱ्हाडात. छिंदवाडा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता.

देशमुखांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले. म्हणजे पुढे देशाची तिजोरी सांभाळणारा हा माणूस पदवीने अर्थतज्ज्ञ नव्हताच! १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले. मध्य प्रांतात जमीन-महसुलाची कामं करत ते प्रांताचे अर्थसचिव झाले. पैशाचा हिशेब ते शिकले तो पुस्तकात कमी, सारा आणि अंदाजपत्रकात जास्त.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले, १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जागतिक बँक आणि नाणेनिधी ज्या परिषदेत ठरले, त्या १९४४ च्या ब्रेटन वुड्सलाही ते होते. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. आज गावोगावी ज्या स्टेट बँकेचं पासबुक आहे, ती १९५५ मध्ये त्यांच्याच काळात झाली. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरणही त्यांचंच, जानेवारी १९५६ चं.

आणि त्याच जानेवारीत ठिणगी पडली. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायची, असं नेहरूंनी जाहीर केलं. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता. तो मंजूर झाला जुलैमध्ये. लोकसभेत ते स्पष्ट बोलले: एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला, आणि गोळीबाराची चौकशीही नाकारली गेली. नेहरूंना हा आरोप मान्य नव्हता. देशमुख काही पक्षात मुरलेले पुढारी नव्हते, मुळात अधिकारी माणूस. अशा माणसाने सभागृहात पंतप्रधानांना असं सुनावणं, हे तेव्हा काय आताही सोपं नाही.

पुढे मुंबईसह द्विभाषिक राज्य झालं, विदर्भाचे आठ जिल्हे त्यात गेले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र आला. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. खरं सांगायचं तर देशमुखांचं भांडण मुंबईसाठी होतं. सौंसर-पांढुर्ण्याचा प्रश्न त्यात नव्हता.

मंत्रिपद सुटल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि तिसरे आले. १९८२ मध्ये हैदराबादला त्यांचं निधन झालं.