टीव्ही घेण्याआधी खोली मोजा

आम्ही फुलचूरच्या बचत गटातून बोलतोय.

धानाचे चुकारे हाती आले की आपल्याकडे घराघरात एकच विचार सुरू होतो, कर्ज किती फेडायचं आणि घरात नवीन काय आणायचं. या यादीत हल्ली मोठा टीव्ही हमखास असतो. आज त्याच्याबद्दल बोलू. टीव्ही घेऊ नका, असं आम्ही सांगणार नाही. घ्या, पण मोजून घ्या. हे शहाणपण आम्हाला एका चुकीतून आलं आहे, म्हणून ती चूक आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईने 55 इंची टीव्हीसाठी 15,000 रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरगा टीव्हीले नाक लावूनच बसते. टीव्ही लहान हाय, म्हणून त्याले दिसत नाही." आम्हाला पटलं. ठराव लिहिला, सह्या झाल्या. तिची खोली केवढी आहे, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही. टीव्ही आला. खोली दहा बाय दहाची. भिंत भरून गेली, पण चेहरे धुरकट दिसायला लागले. सासूबाईंची मान दुखू लागली. पोरगा मात्र होता तिथेच, टीव्हीपासून दोन हातांवर. खोका उघडला म्हणून दुकानदार परत घेईना. हप्ते चालू राहिले.

असं का झालं? मंडईतलं नाटक आठवा. अगदी मंचाला खेटून बसलं तर एका नटाचं तोंड दिसतं, पण दुसऱ्या बाजूने कोण आलं ते पाहायला मान फिरवावी लागते. फार मागे बसलं तर आवाज येतो, पण चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत. मधली जागा धरायला आपण लवकर जाऊन चटई टाकतो. टीव्हीचंही तसंच आहे. प्रत्येक टीव्हीची एक मधली जागा असते, आणि ती मोजता येते.

आधी इंच म्हणजे काय ते पाहू. 32 इंची टीव्ही म्हणजे 32 इंच रुंद नव्हे. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं ते माप असतं. प्रत्यक्षात 32 इंची पडदा साधारण 28 इंच रुंद आणि 16 इंच उंच असतो. 43 इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद आणि 21 इंच उंच. 55 इंची म्हणजे तब्बल 4 फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच.

आता बसायचं अंतर. हिशोब सोपा आहे. टीव्हीच्या इंचांची दीडपट केली की सर्वात जवळची जागा मिळते, अडीचपट केली की सर्वात लांबची. 32 इंची टीव्हीसाठी हे अंतर 4 ते साडेसहा फूट येतं. 43 इंचीसाठी साडेपाच ते 9 फूट. 55 इंचीसाठी 7 ते साडेअकरा फूट.

जवळ बसायचं की लांब, हे चित्र कसं येतं त्यावर ठरतं. टीव्हीचं चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखं असतं. साध्या चित्रात ठिपक्यांच्या 576 ओळी असतात, फुल एचडीत 1080 आणि फोर-के मध्ये 2160. आपल्या घरी बहुतेक डीडी फ्री डिश, आणि त्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या चित्राच्या. तेवढेच ठिपके मोठ्या अंगणात पसरले तर रांगोळी विरळ दिसणारच. टीव्हीवर फोर-के लिहिलेलं असलं तरी डिशमधून साधंच चित्र येत असेल तर ते धुरकट दिसतं. म्हणून फ्री डिश पाहणाऱ्यांनी अडीचपटीच्या जवळ बसावं. मोबाईलवरून एचडी सिनेमा लावणार असाल तर दीडपटीपर्यंत पुढे यायला हरकत नाही.

आता त्या ताईच्या खोलीचा हिशोब करू. खोली 10 फूट, पण भिंतीला टेकून बसलं तरी डोळे आणि पडदा यांच्यात 8 फूटच उरतात. म्हणजे 96 इंच. भागिले अडीच, उत्तर 38. मुलं 5 फुटांवर बसतात. म्हणजे 60 इंच. भागिले दीड, उत्तर 40. दोन्ही उत्तरं चाळिशीच्या आसपास आली. म्हणजे त्या खोलीला 40 किंवा 43 इंची टीव्ही पुरेसा होता, 43 घेतला तर मुलांना अर्धा फूट मागे सरकवायचं एवढंच. नेहमी सर्वात जवळ बसणारा आणि सर्वात लांब बसणारा, अशी दोन्ही अंतरं मोजा. एकाच माणसाच्या सोयीने टीव्ही घेऊ नका.

दुसरी गोष्ट उंचीची. आपल्याकडे टीव्ही देवाच्या फोटोच्या रांगेत टांगायची सवय आहे. मग जेवताना खाली बसून वर पाहावं लागतं. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या जवळपास असावा. जमिनीवर बसलेल्या बाईचे डोळे सुमारे अडीच फुटांवर असतात, खुर्चीवर बसलेलीचे पावणेचार फुटांवर. घरात जमिनीवर आणि बाजेवर, दोन्हीकडे बसत असाल तर मध्य 3 ते साडेतीन फुटांवर ठेवा. खिडकी किंवा दार टीव्हीच्या अगदी समोर नको, पडद्यावर उजेड चमकतो. रात्री पूर्ण अंधार करूनही पाहू नका, एक लहान दिवा चालू ठेवा.

गटाच्या सभेत टीव्हीवर प्रशिक्षण दाखवायचं असेल तरी हाच नियम. 32 इंची टीव्हीसमोर बायांच्या पाच रांगा केल्या तर मागच्यांना अक्षरं वाचताच येत नाहीत. दोन रांगांचं अर्धगोल करा, नाहीतर दोन तुकड्यांत दाखवा.

पैशांचंही पाहू. पूर्वी 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला, लहान टीव्हीइतकाच. त्यामुळे दुकानात मोठ्याचा मोह वाढणार. पण वीजबिल दर महिन्याला येतं. खोक्यावरच्या चांदण्यांच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. दोन टीव्हींची लेबलं शेजारी ठेवून वाचा.

आता त्या पोराचं सांगतो. नवा टीव्ही येऊनही तो जवळच बसतो, हे पाहून आमच्यातल्या एकीने त्याला डोळे तपासायला न्यायला लावलं. त्याला लांबचं दिसत नव्हतं. चष्मा लागला. दोष टीव्हीत नव्हताच. फळ्यावरचंही त्याला नीट दिसत नव्हतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जवळ बसल्याने डोळे थकतात, डोकं दुखतं. पण मूल पुन्हा पुन्हा जवळच जात असेल तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासा. आणि दर 20 मिनिटांनी 20 सेकंद अंगणातल्या झाडाकडे पाहायची सवय लावा, लहानांना आणि आपल्यालाही.

तेव्हापासून आमच्या गटाने नियम केला आहे. टीव्हीसाठी कर्ज मागणारीने आधी शिवणाची टेप घेऊन खोली मोजायची. मग वर्तमानपत्रं चिकटवून टीव्हीच्या मापाचा कागद भिंतीवर लावायचा आणि सगळ्या घराने दोन दिवस आपापल्या जागी बसून पाहायचं. त्या वहीतल्या ठरावाखाली आता खोलीचं मापही लिहिलं जातं.

ती ताई आता हप्ते फेडून मोकळी झाली आहे. गटात कोणी टीव्हीचं नाव काढलं की टेप तीच पुढे करते.

तुमच्याही घरात शिवणाची टेप असेलच. आज संध्याकाळी काढा.