उपचार संपले, पाठपुरावा सुरू

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन पार पडले की घरचे म्हणतात, 'सुटलो एकदाचे!' शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून गावी परतलेली महिला पुन्हा चुलीला, शेताला लागते. तीन महिन्यांनी तपासणीला जायचे तर एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी आणि सोबत कोण येणार, हा प्रश्न. हळूहळू फेऱ्या चुकतात, गोळीही थांबते.

खरा धोका इथेच असतो. संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान ५ वर्षे, काहींना १० वर्षे घ्यावी लागते. 'आता काही दुखत नाही' म्हणून ती सोडली, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, कधी काही वर्षांनीसुद्धा. लवकर लक्षात आली, तर व्यायाम आणि दाब देणाऱ्या पट्ट्यांनी ती आटोक्यात राहते.

ही देखभाल दर वेळी तज्ज्ञानेच करावी असे नाही. आशाताई गोळ्या नियमित चालू आहेत का ते पाहू शकतात. उपकेंद्रात वजन, रक्तदाब, हाताची सूज तपासता येते. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर छाती व काख तपासू शकतात. कर्करोगतज्ज्ञाकडे जायचे ते ठरलेल्या फेरीला किंवा शंका आली तर.

प्रशिक्षित आरोग्यसेविका काय करू शकतात, हे मुंबईत दिसले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या महिलांची स्तनतपासणी आरोग्यसेविकांनी हाताने केली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या महिलांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. तो अभ्यास रोग लवकर शोधण्याचा होता; पण तेच कसब पाठपुराव्यातही उपयोगी पडेल.

मात्र साखळीला जोडणारा कागद हवा. घरी सोडताना कोणते उपचार झाले, कोणती गोळी किती वर्षे, पुढची मॅमोग्राफी केव्हा, हे एका पानावर मराठीत लिहून मागून घ्यावे. काही त्रास नसताना वारंवार स्कॅन करून घेण्याची गरज नसते. वर्षातून एकदा मॅमोग्राफी मात्र चुकवू नये.

नवी गाठ, न थांबणारे हाडांचे दुखणे, धाप, हात लाल होऊन ताप येणे किंवा टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.