राखेत बसलेल्या माणसाशी कसे बोलावे
दुःख आणि विश्वास : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण ईयोबाच्या ग्रंथाचे पहिले दोन अध्याय पाहिले. ऊस देशातल्या या देवभीरू माणसाचे ७ मुलगे, ३ मुली, ७,००० मेंढरे, ३,००० उंट, सारे एका दिवसात गेले. मग सर्वांगावर गळवे उठली आणि तो खापरीने अंग खाजवत राखेत बसला. या सगळ्यामागे स्वर्गात काय घडले ते वाचकाला ठाऊक असते, ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. ३८ व्या अध्यायात देव वावटळीतून त्याच्याशी बोलू लागतो, पण तेव्हाही त्या गोष्टीचा उल्लेख करत नाही. पुढचे सगळे हे ध्यानात ठेवून वाचायचे आहे, कारण ज्यांच्या दुःखाला कारण सापडत नाही त्यांच्यासाठीच हा ग्रंथ आहे.

आज त्याच्या मित्रांकडे वळू. अलीफज तेमानी, बिल्दद शूही आणि सोफर नामाथी. ही तिघे वाईट माणसे नव्हती. बातमी कळताच आपापल्या गावांहून ठरवून निघाले. लांबून ईयोब त्यांना ओळखूसुद्धा आला नाही. ते मोठ्याने रडले, वस्त्रे फाडली, डोक्यावर धूळ उडवली आणि ७ दिवस, ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलले नाही. समाचाराला जाणाऱ्या प्रत्येकाने हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असे मला वाटते. त्या सात दिवसांत त्यांच्या हातून काहीही चुकले नाही.

बिघडले ते ईयोब बोलल्यावर. आपण जन्मलो तो दिवसच नसता तर बरे झाले असते, असे तो तिसऱ्या अध्यायात म्हणतो, आणि मित्रांना ते ऐकवत नाही. अलीफज हळुवारपणे सुरुवात करतो : निर्दोष माणसाचा असा नाश झालेला कोणी पाहिला आहे का? बिल्दद एक पायरी पुढे जातो. तुझ्या मुलांनी पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले, हे तो दहा मुले पुरलेल्या बापाला सांगतो. सोफरच्या मते तर ईयोबाला त्याच्या दोषाच्या मानाने शिक्षा कमीच झाली आहे. २२ व्या अध्यायापर्यंत तोच हळुवार अलीफज थेट आरोपांची यादी वाचतो : तू भावाबंदांचे कपडे गहाण म्हणून काढून घेतलेस, तहानलेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाती परत पाठवलेस. यातले एकही त्याने पाहिलेले नाही. सिद्धान्त टिकवायचा तर पाप सापडलेच पाहिजे. सापडत नाही म्हणून तो ते रचतो.

आपल्या मंडळ्यांतही हेच घडते, हे मान्य करायला हवे. एखाद्या घरी आजार मुक्कामाला आला की पहिल्या महिन्यात सगळे येतात, हात धरून प्रार्थना करतात. गुण येत नाही असे दिसले की बोलणे बदलते. विश्वास कमी पडत असेल. घरात काही कबूल न केलेले पाप असेल. उपवासप्रार्थना केली का? साक्ष द्यायला बरे झालेले लोक उभे राहतात. न बरे झालेल्यांनी कुठे उभे राहायचे? अशी घरे हळूहळू रविवारच्या उपासनेला मागच्या बाकावर बसू लागतात आणि एक दिवस येईनाशी होतात. लोक म्हणतात, बघा, विश्वासातून ढळले.

हे असे का होते, याचे उत्तर ईयोबच सहाव्या अध्यायात देतो : माझी दशा पाहून तुम्ही घाबरलात, असे तो मित्रांना सांगतो. मला या ग्रंथातले हे सर्वांत खोल निदान वाटते. निर्दोष माणसावर असे येऊ शकते, तर ते माझ्यावरही येऊ शकते. ती भीती सहन होत नाही म्हणून आपण त्याच्यात दोष शोधतो. दोष सापडला की आपण सुरक्षित.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मित्रांची वाक्ये बहुतेक खोटी नाहीत. अलीफजाचे पाचव्या अध्यायातले एक वाक्य पुढे पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शास्त्रवचन म्हणून देतो. म्हणजे शास्त्राला धरून बोलूनही देवाच्या नावाने चूक होऊ शकते. अखेरीस देव अलीफजाला सुनावतो की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. ज्याने जन्मदिवसाला शाप दिला, देवावर अन्यायाचा आरोप ठेवला, त्याच्या बाजूने हा निकाल लागतो. मित्र देवाविषयी भरपूर बोलले, पण साऱ्या संवादात एकदाही देवाशी बोलले नाहीत. ईयोब मात्र रागाने, रडून, वाद घालून वारंवार त्याच्याकडेच वळत राहिला. त्याचा विश्वास तिथे होता. शांतपणे सोसणारा ईयोब आपण पहिल्या दोन अध्यायांवरून मनात बसवला आहे. पुढचे अध्याय वाचले की तो चेहरा टिकत नाही.

येशूने या प्रश्नाचे काय केले? योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेल्याचा विषय निघतो. ती इतरांहून अधिक दोषी नव्हती, असे तो स्पष्ट सांगतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळवतो. बुरूज का पडला, हे तो सांगत नाही.

मराठीत या विषयावर लिहिताना पंडिता रमाबाईंना वगळून पुढे जाता येत नाही. १८७४ च्या दुष्काळात काही महिन्यांच्या आत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवासाबरोबर त्या उपाशीपोटी देशभर पायी हिंडल्या; १८८० साली तोही गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या, तर कमी ऐकू येत असल्याने तेही दार बंद झाले. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतर त्यांना दोन्हीकडून बोल लागले. इकडे धर्म सोडल्याबद्दल पुण्यातल्या वृत्तपत्रांनी झोडपले. १८९३ मध्ये त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा गदारोळ उठला, तेव्हा रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. तिकडे वाँटेजमध्ये ज्या सिस्टर जेराल्डाइननी त्यांना लेकीसारखे मानले, त्यांनाच रमाबाई हट्टी आणि गर्विष्ठ वाटू लागल्या, कारण त्रैक्याचा सिद्धान्त स्वतःला पटल्याशिवाय त्या स्वीकारायला तयार नव्हत्या. त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे आणि तो वाचताना जीव दुखतो. दोघींची एकमेकींवर माया आहे. पण रमाबाई सदसद्विवेक कोणाच्या स्वाधीन करत नाहीत आणि ख्रिस्तालाही सोडत नाहीत.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी विधवा-मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन यातूनच वाढले. या मुलींवर ही वेळ का आली, याचा खल त्यांनी केला नाही. भुकेत आईबाप गमावणे म्हणजे काय हे त्यांना माहीत होते, म्हणून आधी जेवण आणि अंथरूण. माझ्या मते ईयोबाच्या मित्रांना जे साधले नाही ते इथे साधलेले दिसते.

आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२१ मध्ये, पुढचे सगळे काम जिच्या हाती सोपवायचे ती मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते. ईयोबाचे ४२ अध्यायही त्यातच आले.

एक शंका राहते. ग्रंथाच्या अखेरीस ईयोबाची जनावरे दुप्पट होतात, पुन्हा ७ मुलगे आणि ३ मुली होतात. मग सगळे भरून निघाले ना? नाही. मेंढरे मोजून परत देता येतात, मेलेली दहा मुले नाही, आणि ग्रंथही तसा दावा करत नाही. ईयोबाची स्थिती बदलते ती त्याने मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर, हे ४२ व्या अध्यायात लिहिले आहे. ज्यांनी त्याला पापी ठरवले, त्यांच्याचसाठी. हे त्याला कसे जमले असेल, यावर मला अजून बोलायचे आहे, पण त्याला स्वतंत्र लेख लागेल.

पुढच्या आठवड्यात ८८ वे स्तोत्र घेऊ. दुःखाची बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. तोवर जमेल त्यांनी ईयोबाचे ३ ते ३१ अध्याय सलग वाचावेत. घरात दीर्घ आजारी कोणी असेल, तर त्यांची तयारी असल्यास मोठ्याने वाचून दाखवावेत आणि ते मध्येच थांबवून काही बोलू लागले, तर पुस्तक बाजूला ठेवावे.