वेलांटीला जागा हवी

साताऱ्याकडच्या एका केटररसाठी मी वेबसाइट करत होते. जेवणावळींचे फोटो, पदार्थांची यादी, संपर्काचा नंबर, सगळं जागच्या जागी बसलं होतं. मालकांनी आपल्या फोनवर पान उघडलं आणि पाचच मिनिटांत फोन केला. "ताई, आमच्याकडे आचारी आहेत. हे आचार्य कुठले?"

मी पाहिलं. ठळक अक्षरांत मथळा होता : 'आमच्या आचार्यांच्या हातची चव'. हवं होतं 'आचाऱ्यांच्या'. एका रफारानं स्वयंपाकघरातल्या माणसाला थेट मठात नेऊन बसवलं होतं.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा फरक मराठी माणूस बोलताना कधी चुकत नाही. संगणकाला मात्र तो मुद्दाम सांगावा लागतो. साधा 'र', हलन्त आणि 'य' टाइप केलं की रफार मिळतो. 'दऱ्या'मधला आडवा र हवा असेल तर नुक्त्याचा 'ऱ' घ्यावा लागतो. ही खूण माहीत नसलेला टायपिस्ट आणि त्याच्यावर विसंबलेली डिझायनर यांच्या हातून जे होतं, ते माझ्या हातून झालं. त्या दिवसापासून मराठी वेबसाइटचं काम मी रंगांपासून किंवा फोटोंपासून सुरू करत नाही. अक्षरापासून सुरू करते.

खिळ्यांपासून पडद्यापर्यंत

ही अडचण संगणकाच्या आधीची आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात इंग्रजी जुळाऱ्याचं काम थोडक्या खिळ्यांत भागायचं. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे मात्र मूळ अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा आणि उकार अशी शेकडो घरं मांडलेली असत. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं याच गुंत्यातून इतकं देखणं वळण घडवलं, की देवनागरी छपाईचा विषय निघाला की आजही ते नाव निघतं. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९७१ साली प्रसिद्ध झाला, आणि आमच्या व्यवसायात तो पायाचा दगड मानला जातो.

संगणक आला आणि सुरुवातीला प्रत्येक कंपनीनं आपापली सोय पाहिली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले गेले, आणि कुठल्या जागेवर कोणता आकार हे ज्यानं त्यानं आपलं ठरवलं. एका फॉन्टमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मराठी वर्तमानपत्राची साइट वाचायची तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. काही जण मजकुराचं चित्र करून तेच पानावर चिकटवत. ते दिसायचं छान, पण शोधयंत्राला त्यातलं एक अक्षरही कळत नसे.

यावर कायमचा उतारा ठरला युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीचं सामायिक प्रमाण. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा सलग पट्टा मिळाला. त्याची मांडणी भारतातच तयार झालेल्या 'इस्की' या प्रमाणावर बेतलेली होती. यातली कल्पना फार महत्त्वाची आहे : साठवायचं ते अक्षर, आकार नव्हे. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण संगणकाच्या स्मरणात आधी 'क' असतो आणि मागाहून वेलांटी. तिला उचलून पुढे आणून बसवण्याचं काम फॉन्ट आणि अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर मिळून करतात. जुन्या जुळाऱ्याची बोटं जे करत, तेच काम आता प्रत्येक शब्दाला, निमिषभरात होतं.

सुलेखनकार, कवी आणि मुंबईच्या आयआयटीतले माजी अध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २००० सोबत आला. असंख्य मराठी माणसांनी संगणकावर आपली भाषा पहिल्यांदा वाचली ती याच वळणात. तरी सगळं लगेच मिळालं नाही. 'ॲप', 'ॲसिडिटी' यांतला आपला 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ साली. तोवर हिंदीच्या वळणाचा 'ऍ' तरी वापरायचा, नाहीतर 'अ'वर चंद्र जोडून वेळ भागवायची.

ओळींमधली हवा

२०१० मध्ये गूगल फॉन्ट्स सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत देवनागरीचे मोफत, मुक्त परवान्याचे फॉन्ट वेबसाठी मिळू लागले. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचे 'मुक्ता', 'बलू' आणि गणपतीच्या पोटासारखा गोल गरगरीत 'मोदक' हे त्यातले माझे आवडते. 'पॉपिन्स'मध्ये रोमन आणि देवनागरी एकाच घराण्यात नांदतात, त्यामुळे दोन्ही भाषांच्या पानावर त्या लिप्या एकमेकींना परक्या वाटत नाहीत.

पण चांगला फॉन्ट निवडला म्हणजे काम झालं, असं नाही. तयार साचे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनतात. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार. वरच्या ओळीत 'राष्ट्रकूट' आणि त्याच्या बरोबर खाली 'विद्यार्थ्यांनी' आलं, की वरचा ऊकार आणि खालचा रफार एकमेकांवर आदळतात. म्हणून इंग्रजीत ओळींची उंची अक्षराच्या सव्वापट-दीडपट पुरते, तिथे मी मराठीला पावणेदोनपट देते. बटणाच्या चौकटीतही वर-खाली थोडी जास्त जागा सोडते, नाहीतर वेलांटीचं डोकं छाटलं जातं.

दुसरी चूक अक्षरांमधल्या अंतराची. इंग्रजी मथळ्यात अक्षरं ऐसपैस पसरली की रुबाबदार दिसतात. तोच नियम मराठीला लावला की शिरोरेघ तुटते आणि दोरी तुटलेल्या तोरणाच्या पानांसारखी अक्षरं सुटी होतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण फार मोलाची आहे. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करावी लागते. देवनागरी म्हटलं की हिंदी, असं बरीच साधनं धरून चालतात. काही फॉन्टांच्या पोटात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, आणि ही नोंद केली की पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आपोआप पुढे येतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानं मराठीसाठी हीच वळणं प्रमाण धरली आहेत. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही याच नोंदीवरून मराठी आवाज निवडतं.

आधी मजकूर, मग सजावट

आमचं काम आता सगळं ऑनलाइन चालतं. कोल्हापूरचा ग्राहक, नांदेडचा कोडिंग करणारा मुलगा आणि पुण्यात मी, तिघं फिग्मा या डिझाइनच्या साधनात एकाच पानावर एकाच वेळी काम करतो. साधनं दरवर्षी बदलतात. आता वर्णन लिहिलं की चित्र काढून देणारी एआय साधनं आली. त्यांनी मला दिलेल्या दिवाळीच्या चित्रांत पणत्या सुरेख होत्या, पण 'शुभ दीपावली' लिहिताना काने भलतीकडे आणि जोडाक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती. अशी चित्रं मी अक्षरांशिवाय घेते आणि अक्षरं आपल्या हातानं बसवते. अक्षरकार कमल शेडगे यांनी तर नाटकांची आणि नियतकालिकांच्या अंकांची शीर्षकं हातानं रेखली. अच्युत पालव यांना २०२५ साली सुलेखनासाठी पद्मश्री मिळाली. मोबाइलच्या पडद्यावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांची शाळा या माणसांच्या कागदावरच भरते.

ग्राहकांपाशी माझा एकच आग्रह असतो : मराठी मजकूर आधी द्या. इंग्रजीत सगळं पान उभं करून शेवटच्या दिवशी भाषांतर ओतलं, की मराठी त्या घरात पाहुणी राहते. 'अपॉइंटमेंट बुक करा'पेक्षा 'वेळ ठरवा' हे बटण छोटं, सोपं आणि आपलं असतं. ते सुचायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिलाच पाहिजे.

केटररच्या पानावर त्या रात्रीच 'आचाऱ्यांच्या' झालं. तेव्हापासून कुठलाही नवा फॉन्ट, नवा फोन, नवी साइट हाती आली, की मी आधी एक वाक्य टाइप करून पाहते. तुम्हीही आपल्या फोनवर करून पाहा. सगळं नीट दिसलं, तर तिथे मराठीला घर मिळालं असं समजा :

आचाऱ्यांनी राष्ट्रीय सणाला दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांना ॲल्युमिनियमच्या ताटांत शिरा वाढला.